माझा परचा आणि शालिकभाऊचं दुकान

तुमच्या मोटारसायकलचं चाक पंक्चर झालं आहे, टायरचं दुकान शंभर पावलांवर आहे, दुकानदार रिकामा बसला आहे, आणि तरीही तुम्ही रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून स्वतःच चाक खोलता आहात... ते का? उत्तराची घाई करू नका. मी एकदा घाई केली होती. या प्रश्नाचं चार पानी उत्तर मी छापलं, गावोगाव वाटलं, आणि ते उत्तर किती चुकलं हे कळायला मला एक आख्खा उन्हाळा लागला. ज्या माणसामुळे कळलं तो आता नाही.

दिवाळी होऊन धानाची कापणी सुरू झाली होती. सावलीच्या बसस्टँडवर मी छापखान्यातून आणलेला परच्यांचा, म्हणजे छापील पत्रकांचा, गठ्ठा उतरवून घेत होतो. आष्टीच्या बाजूने आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने मला ओळखलं. माझं नाव त्याला ठाऊक नसावं, त्या भागात मला सगळे परचेवाले भाऊ म्हणतात. त्याने खिडकीतूनच सांगितलं, "परचेवाले भाऊ, तुमचा तो फाट्यावरचा टायरवाला गेला ना जी." मी विचारलं, "शालिकभाऊ? कधी?" तो म्हणाला, "चार दिवस झाले. पायाची जखम होती म्हनते. गडचिरोलीच्या दवाखान्यात होता." एवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी मूलकडे निघून गेली. मी गठ्ठा बाकावर ठेवला, चहा मागवला, प्यालो. रडू आलं नाही. जे आलं त्याला नाव द्यायला मला पुढचे कितीतरी आठवडे लागले, आणि ते नाव लिहूनच टाकावं म्हणून हा लेख.

शालिकराम त्यांचं पूर्ण नाव. चामोर्शीहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याला त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार लाकडी बल्ल्या, वर कवेलूंचं छप्पर, समोर मोहाच्या फांदीला टांगलेलं ट्रकचं घासलेलं टायर आणि ट्यूब बुडवायला मधोमध कापलेलं एक पिंप. मी पहिल्यांदा तिथे पोचलो तो गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. आमच्या समाजप्रबोधनाच्या मंडळाने लोकवर्गणीतून एक जुनी मोटारसायकल घेतली होती, तिच्यावर मी पुस्तिका आणि परचे घेऊन आलापल्लीपर्यंत हिंडत असे. परतताना मागचं चाक बसलं. ठिगळ लावलं, दोन मैलांवर पुन्हा बसलं. पुन्हा लावलं, पुन्हा बसलं. ठिगळं संपली. एका शेतकऱ्याने सल्ला दिला, तणस भरा. धानपट्ट्यात हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. ट्यूब काढायची आणि तिच्या जागी टायरमध्ये धानाचं तणस ठासून भरायचं, गाडी डुगडुगत का होईना घरी पोचते. मी भरलं. भर दुपारी त्या फाट्यावर पोचलो तेव्हा टायरच्या कडेतून तणसाच्या काड्या बाहेर आल्या होत्या आणि रिम एका बाजूने दबली होती.

शालिकभाऊंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काय भाऊ, गाडीले चारा घातला का?"

आतून त्यांच्या बायकोचा, पार्बताबाईंचा आवाज आला, "दूध किती देते, ते इचारा!"

माझं पित्त खवळलं होतं. मी म्हणालो, मी दोनदा नीट ठिगळ लावलं आहे, तुमच्याकडचं ठिगळ वेगळं असेल तर लावा. ते कामाला लागले. चाक काढलं, तणस उपसलं, आणि मग पार्बताबाईंच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा मुठीत धरून टायरच्या आतल्या बाजूने हळूहळू फिरवला. एका जागी कापड अडलं. त्यांनी तिथे पकड लावली आणि तांदळाच्या दाण्याएवढी बांबूची चिप ओढून माझ्या तळहातावर ठेवली. मी दोन्ही वेळा आतून बोटं फिरवली होती, माझ्या बोटांना ती लागली नव्हती. ते म्हणाले, "माह्या बोटाले काटा कळत नाई. कपड्याले कळते."

तेव्हा मी त्यांचे हात पाहिले. उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली, डाव्या हाताची टोकं झिजलेली. मी पाहिलं, ते त्यांनी पाहिलं. टायर उचकटायची लिवर खाली ठेवून ते सरळ म्हणाले, "महारोग होता. आता नाई. दवाखान्यानं लिवून देल्लं हाये, पेटीत हाये. पाह्याचं असंन तं पाहा." मी म्हणालो, गरज नाही. ते हसले. "सगळे असेच म्हनते जी, गरज नाई. मंग गाडी ढकलत घेऊन जाते." मी बाकावर बसून राहिलो. पार्बताबाईंनी पाणी दिलं, मी प्यालो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या दिवशी मला तहान लागली होती, आणि शिवाय ज्या घरात मी वाढलो त्या घरात कुणाच्या हातचं पाणी नाकारणं हे पाप होतं.

त्या घराबद्दल दोन ओळी लिहिणं भाग आहे. माझ्या वडिलांनी छप्पन सालानंतर घरातले देव काढले आणि त्या जागी एक लोखंडी पेटी ठेवली. तिच्यात कपड्यांपेक्षा पुस्तिका जास्त. आम्ही भावंडं अक्षरं शिकलो ती त्या पेटीतल्या पत्रकांवर. त्यामुळे जगात जे काही बिघडलं आहे ते एका नीट लिहिलेल्या परच्याने दुरुस्त होतं, अशी माझी समजूत फार लहानपणी झाली, आणि ती फार दिवस टिकली. शालिकभाऊंना मी हे सांगितलं तेव्हा ते ट्यूब घासत होते. म्हणाले, "आमी कुनबी. आमच्या घरी तुमच्या समाजाच्या मानसाले आंगनाभाईर उभे ठेवत. मी सोता ठेवलो हाये. आता माहा सख्खा भाऊ मले आंगनाभाईर उभा ठेवते. भाकर फेकून देते." त्यांनी ट्यूबवर फुंकर मारली. "वरून पाह्यलं तं काई समजत नाई, भाऊ. भाईरून समजते."

मी दर आठवड्याला त्या रस्त्याने जात असे, आणि जाता-येता थांबू लागलो. मला चाक खोलणं शिकायचं होतं. त्यांनी हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. टायरची कड रिमपासून सुटत नसेल तर हाताने झटापट करायची नाही, टाच रोवून अंगाचा भार द्यायचा. लिवर आत फार घालायची नाही, नाहीतर ट्यूबला चिमटा बसतो आणि एक पंक्चर काढताना दुसरं तयार होतं. टायर चढवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. ठिगळाआधी ट्यूब इतकी घासायची की तिचा चकाकपणा जाईल. या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण होतं आणि ते कारण ते एकदाच सांगत. मी चुकलो की पार्बताबाई बोलत. "भाऊ, ट्यूब हाये थे, भाषन नाई. जोर नोका लावू."

वाद व्हायचे ते वेगळ्याच गोष्टीवर. माझं म्हणणं असं, की प्रत्येकाने आपलं चाक स्वतः खोललं पाहिजे. आपल्या देशात काळे हात एकाचे आणि पांढरे हात दुसऱ्याचे, ही वाटणी कुणी केली? साहेब झाडाखाली उभा राहून विडी ओढणार आणि दुसरा माणूस त्याच्या गाडीखाली पाठ भाजून घेणार, हे मला सहन होत नसे. पैसे दिले म्हणजे दुसऱ्याचे हात विकत मिळतात का? मी हे आवेशाने बोलायचो. शालिकभाऊ ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमी घरी भाकर करता, म्हून खानावळ बंद करा म्हनान का?" मी म्हणायचो, भाकरीचा प्रश्न वेगळा. ते म्हणायचे, "वेगळा कसा? आलापल्लीच्या पुढं जंगलात दुकान नाई, तिथी सोता शिकलंच पाह्यजे. नाईतर मानूस अस्वलाले चाक दाखवन का? पन फाट्यावर मी बसून हाओ ना. मी काऊन बसलो हाओ मंग?" मी म्हणायचो, तुम्ही या एका दुकानाचा विचार करता, मी समाजाचा करतो. हे वाक्य मी त्यांच्याच बाकावर बसून, त्यांच्याच चहाचा पेला हातात धरून बोललो आहे. ते रागावले नाहीत. "करा, समाजाचाबी करा," म्हणाले, आणि पंप मारायला उठले.

मग मी परचा लिहिला. 'आपलं चाक, आपले हात.' पहिल्या पानावर तत्त्व, मधल्या दोन पानांवर कृती, शेवटच्या पानावर आवाहन. कृती शब्दन् शब्द शालिकभाऊंची होती, मी फक्त क्रम लावला. त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या काळजीने बोट ठेवून ओळी पाहत होते. शेवटी म्हणाले, "सगळं लिवलं. कपड्याचं नाई लिवलं." खरं होतं. काटा शोधायला मी 'टायरच्या आतून बोटं फिरवा' असं लिहिलं होतं. कापड ही मला बधिर बोटांसाठीची सोय वाटली होती, निरोगी माणसाला तिची काय गरज? मी तसं म्हणालो नाही, पण माझ्या मनात तेच होतं, आणि छापखान्यात मजकूर जुळून झाला आहे असं खोटं कारण मी दिलं. आज वाटतं, पुढं जे झालं त्याचं बीज त्या एका ओळीत होतं. त्यांची सगळी विद्या मी घेतली आणि जिथे त्यांचा आजार दिसत होता तेवढी गाळली.

परच्यासोबत मी गावोगाव प्रात्यक्षिकं सुरू केली. शाळेच्या पटांगणात गाडी उभी करायची, चाक काढायचं, पुन्हा बसवायचं. आमच्या सभांना पंधरा माणसं जमली तरी आम्ही खूश असायचो. इथे साठ-सत्तर जमू लागली. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती ते गुरुजी, ग्रामसेवक, बांबूच्या ठेकेदाराचे मुनीम, तेंदूपत्ता गोळा करायच्या फडीवरचे दिवाणजी असे सगळे जातीने हजर. जे एरवी माझा परचा हातात घेऊन कान खाजवत ते आता जास्तीच्या प्रती मागू लागले. लोहाराकडून लिवर बनवून घेऊ लागले. मी वडिलांना सांगितलं, लोक बदलत आहेत, हाताला काळं लागण्याची लाज गेली. वडिलांनी एवढंच विचारलं, "एका परच्यानं?" मला त्यांचा राग आला.

उत्तर एका शाळेच्या पटांगणात मिळालं. त्या फाट्यापासून जवळच्याच गावात. प्रात्यक्षिक संपलं होतं, मी हात धूत होतो. तिथले गुरुजी माझ्या हातावर पाणी घालत होते, चांगले माणूस, मुलांना मनापासून शिकवणारे. ते आपुलकीने म्हणाले, "लय मोठं काम केलं भाऊ तुमी. आता त्या महारोग्याच्या दारात जाची गरज नाई. याच्या आंधी मोठी पंचाईत होत होती. एकच दुकान, न जाव तं चाक अडते, जाव तं घरचे नावं ठेवते. आता सांगता येते ना, का आमी सोता करतो म्हून. तत्त्व हाये आमचं."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. ते आभार मानत होते. पाणी माझ्या हातावर पडत राहिलं... मी त्यांना म्हणालो, गुरुजी, तो माणूस बरा झालेला आहे, सरकारी दवाखान्याचा कागद आहे. ते म्हणाले, "असंन ना. पन गरजच काय आता?"

इथे मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण वाचकांपैकी पुष्कळांना गुरुजींचा राग आला असेल आणि तो सोपा राग आहे. दुकानात जायला भीती वाटते असं कुणी उघड म्हणालं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं, दवाखान्याचा माणूस आणून समजावता आलं असतं. आमच्या बापजाद्यांना ज्यांनी विहिरीवर येऊ दिलं नाही त्यांच्याकडे निदान असं तोंडावर सांगण्याचा उद्धटपणा होता. मी या लोकांना उद्धटपणाचीही गरज ठेवली नाही. मी त्यांना एक स्वच्छ, छापील, पुरोगामी सबब दिली. आणि माझं स्वतःचं काय? त्या परच्यानंतर मीसुद्धा माझं चाक त्या फाट्यावर दिलं नव्हतं. मी जाणं बंद केलं ते तत्त्वासाठी, बाकीच्यांनी बंद केलं ते किळसेपायी. दुकानाला हा फरक कळत नाही.

प्रात्यक्षिकांच्या धावपळीत कितीतरी दिवस फाट्यावर थांबलो नव्हतो, त्याच दुपारी गेलो. दुकानात शालिकभाऊ नव्हते. पिंपातलं पाणी आटून तळाला शेवाळ वाळलं होतं. पार्बताबाई दारात सूप घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, भाऊ कुठे? "बांबू तोडाले गेले. जंगलात, कूपावर. दोन महिने झाले." मी म्हणालो, त्यांच्या पायालाही काटा कळत नाही, बांबूच्या खुंटांत त्यांना कसं जाऊ दिलं? त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी जाऊ देल्लं? गाड्या तुमी नेल्या, भाऊ." मग, आवाज न चढवता, "तुमी चांगले मानूस हा. वाईट मानसासंगं भांडता येते. तुमच्यासंगं का करू?" मी परच्यातल्या चुकीबद्दल काहीतरी बोलू लागलो, दुरुस्ती छापतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "छापा. कूपावर वाचतीन थे."

मी दुरुस्ती छापली. 'कुष्ठरोग बरा होतो, बरा झालेल्या माणसाच्या हाताने रोग लागत नाही, फाट्यावरच्या दुकानात जा.' तो परचा लोकांनी हातात घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. पहिल्या परच्यासाठी जे धावले होते त्यांतला एकही दुसऱ्यासाठी धावला नाही. लोकांना काय वाचायचं आहे ते लोक आधीच ठरवून येतात, हे मला कुणी पुस्तिकेत सांगितलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर कूप बंद झाला आणि शालिकभाऊ परतले. मी गाडी घेऊन गेलो. पाय फडक्यात बांधलेला होता. विचारलं तर म्हणाले, "खुंट घुसला होता. मले कुठी मालूम? चप्पल लाल दिसली तवा समजलं." माझी माफी त्यांनी अर्ध्यातच तोडली. मी म्हणालो, मागचं चाक जरा पाहा, पंक्चर वाटतं आहे. त्यांनी चाक दाबलं, फिरवलं, व्हॉल्व्हला थुंकी लावून पाहिली. "हे चाक बिमार नाई." मी म्हणालो, तरी पाहा. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं पाहिलं. "दया करून राह्यले का? मी मेस्त्री हाओ, भाऊ. पंक्चर आना, मंग या." मी गाडी वळवली. पाठीमागून पार्बताबाईंचा आवाज आला, "नाई तं रस्त्यात खिळा ठोकून घ्या जी!" आणि दोघंही हसले. मलाही हसू आलं, हेल्मेट नव्हतं तेव्हा आमच्याकडे, त्यामुळे ते लपवताही आलं नाही.

त्या पावसाळ्यात दुकान थोडं सावरलं ते आमच्यामुळे नाही, सिरोंचाकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांमुळे. ते तेलुगू बोलणारे, त्यांना माझा परचा वाचता येत नव्हता. एक ड्रायव्हर तर दुकानासमोर गाडी लावून शालिकभाऊंच्याच खाटेवर झोपायचा. मीही तीनदा खरं पंक्चर घेऊन गेलो. एकदा लिवरने ट्यूबला चिमटा बसला होता, आणि तो मीच बसवला होता, हे मात्र मी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. जखम मात्र भरत नव्हती. दवाखान्यात जा म्हटलं की ते म्हणत, दुखत तं नाई. हेच तर त्या रोगाचं वाईट आहे... दुखत नाही. कुष्ठरोगाच्या तपासणीला येणारा कर्मचारी दर महिन्याला रागावून पट्टी बदलून जाई, पाय जमिनीला टेकवू नका म्हणे. पण पाय न टेकवता टायरची कड सुटत नाही. कड सोडवायला टाच लागते. दिवाळीच्या सुमारास ताप चढला तेव्हा त्यांना खाटेवर घालून ट्रकमधूनच गडचिरोलीला नेलं. डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं, विष अंगभर गेलं होतं, सहा महिने आधी आणायला हवं होतं.

सहा महिने आधी ते कूपावर होते. मी असं म्हणत नाही की माझ्या परच्याने त्यांचा जीव घेतला. ते म्हणणं फार सोयीचं आहे, त्यात माझं महत्त्व वाढतं. खुंटाने जखम केली, रोगाने ती कळू दिली नाही, गावाने त्यांना कूपावर पाठवलं. पण गावाला निमित्त कुणी दिलं हे मला ठाऊक आहे, आणि ते माझ्या सहीनिशी छापलेलं आहे. बसस्टँडवर जे आलं त्याचं नाव हेच, माझा वाटा.

बातमी कळल्यावर मी फाट्यावर पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. मातीला कोण होतं ते पार्बताबाईंनीच सांगितलं. तो खाटेवर झोपणारा ड्रायव्हर, पट्टी बदलणारा कर्मचारी, ड्रायव्हरचा क्लीनर आणि चौथा खांदा स्वतः पार्बताबाईंचा. सख्खा भाऊ आला होता. तो रस्त्यावर उभा राहिला आणि तिथूनच हात जोडून गेला.

मी मदतीबद्दल काहीतरी विचारलं. तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला. त्या उठल्या, पदर खोचला आणि जॅक लावला. त्या इतकी वर्षं पंप मारत आणि मला टोमणे मारत बसल्या होत्या तेव्हा सगळी विद्या पाहून शिकल्या होत्या हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ट्रकचं टायर त्यांनी क्लीनरच्या मदतीने उतरवलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "दुकान सुरू राहीन."

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो होतो. ट्रक नव्हता, त्या एकट्याच बसल्या होत्या. रस्त्याच्या पलीकडे, पळसाच्या सावलीत, एक तरुण मोटारसायकल आडवी पाडून चाक काढत होता. त्याच्या गुडघ्याखाली, धूळ लागू नये म्हणून, एक कागद होता. जवळ गेल्यावर मी तो ओळखला. मी त्याला विचारलं, समोर दुकान आहे, इथे उन्हात काऊन? त्याने अगदी सरळपणे उत्तर दिलं, "आपलं काम आपन करावं म्हनते ना जी." त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. मी त्याला पुष्कळ सांगितलं. त्याने ऐकलं. मग म्हणाला, "बाईमानूस हाये ना पन आता. तिले काय जमन?" म्हणजे रोगी गेला तरी सबब मेली नाही, तिने नुसता कपडा बदलला.

परत येऊन मी पार्बताबाईंना म्हणालो, मी हे सगळं पेपरात लिहिणार आहे. त्या ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होत्या. म्हणाल्या, "लिवा. पन लिवल्यानं हवा नाई भरत, भाऊ."

म्हणून वाचकहो, मी तुम्हाला या लेखाशी सहमत व्हा असं सांगत नाही. सहमत लोक मी पुष्कळ पाहिले. शिवरात्र जवळ आली आहे. मार्कंड्याच्या जत्रेला तुमच्यापैकी कितीतरी जण मोटारसायकलने जाल, आणि त्या रस्त्यावर मुरूम आणि बाभळीचे काटे आहेत, एखादं चाक बसेलच. चाक काढता येत असेल तर अवश्य काढा. आणि काढलेलं चाक त्या फाट्यावर पार्बताबाईंच्या हातात द्या. त्यांना ते कसं करायचं ते सांगू नका. काम होईपर्यंत रस्ता ओलांडून कुठेही जाऊ नका, दुकानातच बसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसाल असे बसा.